रेड लेकची नक्षीदार दलदल

नकाशात दलदल दाखवावयाची असली म्हणजे नकाशा काढणारा निळ्या रंगाच्या चार आडव्या रेघा ओढून मोकळा होतो. विद्यार्थ्याचे लक्ष नद्या, पर्वत आणि शहरे यांच्याकडे वळते, व त्या निळ्या रेघांखाली काय आहे असे विचारण्याची पाळी सहसा येत नाही. आपल्याकडे 'चिखल', 'दलदल', 'पाणथळ' हे शब्द तर बहुधा नाक मुरडूनच उच्चारले जातात. ज्या जमिनीत पाऊल रुतते, जेथे नांगर चालत नाही, जेथे घर बांधता येत नाही, तिला माणूस आपली म्हणावयास तयार नसतो. परंतु पृथ्वीच्या उत्तर भागात, फिनलंड, स्वीडन, सैबेरिया, कॅनडा व अमेरिकेचा उत्तर सीमाप्रदेश येथे अशा दलदलीची एक जात आहे, जिचे विमानातून घेतलेले छायाचित्र पाहिले तर ही कोणा कुशल कारागिराने आखलेली भूमी असावी असा भास होतो. त्या भूमीसंबंधी, आणि विशेषेकरून मिनेसोटा राज्यातील रेड लेक या सरोवराच्या उत्तरेस पसरलेल्या भूमीसंबंधी चार गोष्टी सांगण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम छायाचित्राविषयी. त्यात गडद आणि फिकट असे पट्टे एकाआड एक दिसतात. फिकट पट्टे म्हणजे उथळ पाण्याच्या लांबट खाचा. गडद पट्टे म्हणजे त्यांच्यामधील अरुंद, किंचित उंच वरंबे. हे वरंबे सरळ नसतात. डोक्यावरील केसांना विंचरल्यावर जशी लहर येते तसे ते वळत गेलेले असतात. आमच्या कोकण-गोव्याकडील वाचकांना हे चटकन समजावे म्हणून सांगतो: डोंगराच्या उतारावर पायरीपायरीने भाताचे कुणगे केलेले असतात, प्रत्येक कुणग्याला मेर घातलेली असते, आणि वरच्या कुणग्यातील पाणी मेरेवरून खालच्या कुणग्यात उतरते. ती सारी शेती वरून पाहिली तर जे चित्र दिसेल, जवळजवळ तेच या दलदलीचे चित्र. तेथेही वरंबे उताराला आडवे असतात, आणि प्रत्येक खाच तिच्या वरच्या खाचेहून रेसभर खाली असते. फरक एवढाच की, येथे मेर घालणारा शेतकरी कोणी नाही. स्वीडिश भाषेत वरंब्याला 'स्ट्रँग' म्हणजे दोरी आणि खाचेला 'फ्लार्क' म्हणतात. फिनिश लोक त्यांना 'यान्ने' व 'रिम्पी' म्हणतात, आणि अशा संपूर्ण दलदलीला 'आपासुओ'. पाण्याला संस्कृतात 'आप' म्हणतात हे आठवून कोणास मौज वाटेल. पण तो योगायोगच समजावा.

ही भूमी ज्या द्रव्याची झाली आहे त्याला पीट म्हणतात. पीट म्हणजे माती नव्हे. न कुजलेल्या वनस्पतींचा साठा होय. आपल्या रानात पान गळून पडले की वाळवी, बुरशी व जिवाणू यांच्या हातून त्याची पुढच्या पावसाळ्यापर्यंत माती होते. उत्तरेकडील दलदलीत थंडी फार, आणि जमीन बारमाही पाण्याने भरलेली. साचलेल्या पाण्यात प्राणवायू शिरत नाही. प्राणवायूवाचून कुजण्याची क्रिया अतिशय मंदावते. दरवर्षी जितकी पाने, मुळे व काड्या मरून पडतात, तितक्या त्या वर्षात कुजून संपत नाहीत. जी शिल्लक राहते ती थरावर थर साचत जाते. ही शिल्लक वर्षाला साधारणतः मिलिमीटरभर किंवा त्याहूनही कमी असते. म्हणजे एका पुरुषाच्या उंचीचा थर साचावयास दोन हजार वर्षे सहज लागतात. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकापासून आजपर्यंत जमलेले पीट एखाद्या मुलाच्या गुडघ्याच्या वर फारसे जाणार नाही.

या साठ्यात मोठा वाटा स्फॅग्नम नावाच्या एका शेवाळवर्गीय वनस्पतीचा असतो. तिला मूळ नसते. ती शेंड्याकडे वाढते आणि बुडाकडे मरते, आणि तिचे मेलेले बूड हेच पुढे पीट होते. तिच्या पानांत जिवंत पेशींच्या मध्ये मोठ्या, मेलेल्या, पोकळ पेशी असतात. त्यांना छिद्रे असून त्यांत पाणी शिरते. त्यामुळे स्फॅग्नम आपल्या कोरड्या वजनाच्या पंधरा-वीस पट पाणी धरून ठेवू शकते. शिवाय ती पाण्यातील क्षार शोषून त्यांच्या बदली आम्लता सोडते. अशा आंबट पाण्यात जिवाणूंचे चालत नाही, इतर झाडेही सुखाने वाढत नाहीत. थोडक्यात, आपल्याला राहावयास सोयीची आणि दुसऱ्यांना गैरसोयीची जागा ही वनस्पती स्वतःच तयार करते. पहिल्या महायुद्धात कापसाची टंचाई पडली तेव्हा ब्रिटनमध्ये हीच स्फॅग्नम वेचून, वाळवून जखमेवर बांधण्याच्या गाद्या करीत. १९१८ च्या सुमारास अशा गाद्या महिन्याला दहा लाखांपर्यंत होत होत्या. रक्त शोषून घेण्याच्या कामी ती कापसाहून सरस ठरली, आणि तिच्या आम्लतेमुळे जखम चिघळण्यासही आळा बसे.

आता नक्षीकडे वळू. ती कशी उमटते, याविषयी शास्त्रज्ञांचे आजही पूर्ण एकमत नाही. तथापि पुष्कळांना मान्य असलेले स्पष्टीकरण असे: जमिनीला अगदी अल्प उतार पाहिजे, किलोमीटरभर अंतरात एखादा मीटर किंवा त्याहूनही कमी. अशा उतारावर पाणी ओढ्यासारखे वाहत नाही. रुंद पातळ चादरीसारखे पीटच्या वरच्या थरातून झिरपत सरकते. या चादरीत एखादी जागा योगायोगाने चार बोटे उंच असली तर तेथील मुळांना थोडी हवा मिळते, झुडपे बरी वाढतात, त्यांचा पालापाचोळा तेथेच पडतो आणि जागा आणखी उंच होते. शेजारची सखल जागा पाण्याखाली राहते. तेथे झाडोरा विरळ, म्हणून भरही कमी. वर्षे लोटतात तसतसा हा फरक वाढतच जातो. उंचवटा पाण्याला अडवितो; अडलेले पाणी दोन्ही बाजूंस पसरते; आणि उंचवटाही बाजूंनीच वाढत जाऊन उताराला आडवा असा वरंबा होतो. कोणी म्हणतात की, वरंब्यावरील झुडपे पानांवाटे पाणी बाहेर टाकतात तेव्हा आसपासचे पाणी तिकडे ओढले जाते, त्याबरोबर क्षारही जातात, आणि उंचावरच्या झाडांना आणखी पोषण मिळते. कोणी बर्फाच्या दाबाला महत्त्व देतात. आम्हांला वाटते की ही कारणे एकमेकांची वैरी नसावीत. कोठे एकाचा, कोठे दुसऱ्याचा जोर अधिक असेल.

रेड लेकच्या दलदलीत वरंब्यांखेरीज आणखी एक नवल आहे. पाण्याच्या त्या सावकाश सरकणाऱ्या पट्ट्यांत झाडांची बेटे आहेत, आणि ती अश्रूच्या थेंबाच्या आकाराची आहेत. प्रवाहाच्या वरच्या अंगाला गोल डोके, खालच्या अंगाला निमुळते होत गेलेले शेपूट. असे शेकडो थेंब एकाच दिशेस तोंड करून उभे आहेत. पाणी डोळ्यांना हलताना दिसत नाही, पण ते कोठून कोठे जाते हे बेटांच्या आकारावरून कळते. त्यांवर टॅमरॅक व काळा स्प्रूस ही झाडे असतात. टॅमरॅक हा सूचिपर्णी असूनही शरद ऋतूत त्याच्या सुया पिवळ्या होऊन गळतात. त्या दिवसांत तपकिरी दलदलीवर सोनेरी थेंब शिंपडल्यासारखे दिसतात. काळ्या स्प्रूसची गोष्ट वेगळी. पोषण इतके तोकडे की शंभर वर्षांचे झाड कधी कधी माणसाच्या उंचीचेही नसते.

या भूमीचा इतिहास हिमयुगापासून सुरू होतो. बर्फाचे थर उत्तरेकडे मागे हटू लागले तेव्हा वितळलेले पाणी अडून तेथे एक प्रचंड सरोवर झाले होते. हिमयुगाची कल्पना जगाच्या गळी उतरविणाऱ्या लुई अगासी या स्विस शास्त्रज्ञाचे नाव पुढे त्या लुप्त सरोवरास देण्यात आले. ते सरोवर ओसरले, मागे राहिला त्याचा सपाट, चिकणमातीचा तळ. सपाटपणामुळे पाण्याला वाट नाही, चिकणमातीमुळे खाली मुरणे नाही. अशा ठिकाणी गेल्या सुमारे पाच हजार वर्षांत पीट साचत गेले. आज तेथील दलदल सुमारे तेराशे चौरस किलोमीटर आहे, म्हणजे गोव्याच्या क्षेत्रफळाच्या एकतृतीयांशाहून थोडी अधिकच. या परिसरात ओजिब्वे लोक पिढ्यान् पिढ्या राहत आले आहेत. इंग्रजीत उत्तरेकडील दलदलीस 'मस्केग' म्हणतात, तो शब्द त्यांच्या व त्यांच्या भाऊबंदांच्या भाषांतून गेलेला आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी मात्र तेथे वेगळीच मंडळी आली. दक्षिणेकडील चांगली जमीन वाटली जाऊन संपली होती, आणि येथे तर मैलोन् मैल काळीभोर भूमी पडलेली. पाणी तेवढे काढून टाकले की गहू पिकेल, असा हिशेब झाला. कर्ज उभारून, यंत्रे लावून, दलदलीतून सरळ रेषेत चर खणण्यात आले. एकमेकांना समांतर, एकमेकांना काटकोनात, शेकडो मैल. वसाहत करणारी कुटुंबे आली, घरे उभी राहिली. ही माणसे मूर्ख होती असे समजण्याचे कारण नाही. आमच्या पूर्वजांनीही खाडीकाठच्या चिखलात बांध घालून, मानस बसवून खाजन शेती उभी केली, आणि ती शतकानुशतके चालली. परंतु खाजनातील जमीन म्हणजे नदीने व भरतीने आणलेला गाळ. ती खनिज माती आहे. रेड लेकची काळी भूमी माती नव्हतीच. शिवाय पीटमधून पाणी इतके हळू झिरपते की चराच्या काठाचा थोडासा पट्टा सुकला, आणि चरापासून दूरची दलदल होती तशीच ओली राहिली. जेथे सुकली तेथे जमीन खचली, किंवा कोरड्या वर्षी पेटली. पिके आली नाहीत, कर भरला गेला नाही, चरांसाठी काढलेल्या कर्जाचा बोजा तेथील जिल्ह्यांच्या डोक्यावर बसला. अखेर १९२९ साली राज्य सरकारने ते कर्ज आपल्यावर घेतले, जमीन ताब्यात घेतली आणि तेथे वन्यप्राण्यांसाठी राखीव क्षेत्र केले. कुटुंबे निघून गेली, चर राहिले.

ती नक्षी म्हणजे काय, याचा उलगडा पुढे झाला. खाली चालणाऱ्या माणसाला ती दिसतच नाही. त्याला दिसतो तो फक्त पुढचा चिखल. विमानातून छायाचित्रे घेतली जाऊ लागली तेव्हा आकृती प्रकट झाली. वनखात्यात काम करणारे मायरन हाइन्सलमन यांनी ती छायाचित्रे आणि प्रत्यक्ष पायपीट यांची सांगड घालून १९६३ साली या प्रदेशातील दलदलींचे विस्तृत वर्णन प्रसिद्ध केले. वनस्पतीचा प्रकार, पाण्याचे रसायन आणि पाण्याची वाट ही तीन कोडी वेगवेगळी नसून एकच आहेत, हे त्यांनी दाखविले. फिनलंडमध्ये ए. के. कायांडर यांनी त्याच्या अर्धशतक आधी, १९१३ साली, आपासुओ हा दलदलीचा एक स्वतंत्र प्रकार म्हणून मांडला होता. हे गृहस्थ वनस्पतिशास्त्रज्ञ असून पुढे तीनदा आपल्या देशाचे पंतप्रधान झाले. दलदलीचा अभ्यास करून पंतप्रधान झालेला दुसरा कोणी आमच्या ऐकिवात नाही!

हा अभ्यास वेळेवर झाला असेच म्हटले पाहिजे. १९७३ साली जगात तेलाची टंचाई झाली, आणि त्यानंतर लवकरच एका वायुकंपनीने रेड लेकची दलदल खोदून पीटपासून जळाऊ वायू करण्याची योजना पुढे आणली. या वेळी चरांचा प्रश्न नव्हता. दलदलच उचलून नेण्याचा होता. राज्याने घाईने होकार दिला नाही. आधी पाहणी करविली. शास्त्रज्ञ हेलिकॉप्टरने उतरून पीटमध्ये नळ्या खुपसू लागले, पाणी तपासू लागले, पक्षी मोजू लागले. उत्तरेकडील इतर देशांतही क्वचितच आढळावी अशी नक्षी येथे एवढ्या विस्ताराने टिकून आहे, हे त्यातून स्पष्ट झाले. वायूची योजना मागे पडली, आणि १९९१ साली मिनेसोटाने कायदा करून आपल्या अठरा महत्त्वाच्या पीटभूमींना संरक्षण दिले.

येथे कोणी विचारील की, नक्षी सुंदर असेल, पण तिचा उपयोग काय? प्रश्न रास्त आहे. आम्हांला वर्गातही तो नेहमी विचारला जातो. उत्तर देण्यापूर्वी तेथील जीवसृष्टीकडे एक नजर टाकू. वरंबा आणि खाच यांच्यात हातभर अंतर, पण वरंब्यावर कोरडे पाय ठेवणारी झुडपे, आणि खाचेत पाण्यात बुडालेली गवते. दोन भिन्न प्रदेश शेजारी शेजारी, आणि ते शेकडो वेळा एकाआड एक आलेले. म्हणून थोड्या जागेत पुष्कळ प्रकारचे जीव राहू शकतात. नत्र मात्र फार थोडे. त्यावर काही वनस्पतींनी किडे खाण्याचा उपाय काढला आहे. चिकट थेंबांनी किडा धरणारी ड्रॉसेरा तेथे आहे. पावसाळ्यात आपल्या कोकण-गोव्याच्या जांभ्या दगडाच्या सड्यावर जी 'दवबिंदू' नावाची चिमुकली लाल वनस्पती दिसते तिची ती सख्खी बहीण. खाचांतील पाण्यात युट्रिक्युलेरिया आहे. सड्यावर श्रावण-भाद्रपदात जांभळा गालिचा पसरणारी 'सीतेची आसवे' त्याच वंशातील. सडा आणि उत्तरेची दलदल यांत हवामानाचे साम्य काहीच नाही. पण दोन्हीकडे जमीन भुकेली आहे, आणि भुकेवर वनस्पतींनी काढलेला तोडगाही एकच आहे.

पक्ष्यांचे नाते तर याहून जवळचे. हिवाळ्यात पाणी भरलेल्या भातशेतांत आणि तळ्यांच्या काठी, शेपटी खालीवर करीत चिखलात चोच खुपसणारा, पाठीवर पांढरे ठिपके असलेला तुतारी जातीचा एक लहान पक्षी आपण सर्वांनी पाहिला असेल, नाव ठाऊक नसले तरी. इंग्रजीत त्याला वुड सँडपायपर म्हणतात. या जातीचे पक्षी अंडी घालतात ती युरोप-आशियाच्या उत्तरेकडील ओल्या पीटभूमीत. सैबेरियातील वास्युगान ही दलदल एकटीच सुमारे त्रेपन्न हजार चौरस किलोमीटरची आहे. तिच्यात गोव्यासारखे चौदा प्रदेश मावतील. तिच्यावरही वरंबा-खाचांची नक्षी आहे. तिकडचे पाणी आटले तर इकडच्या शेतातील पाहुणे कमी होतील, हे समजण्यास पक्षिशास्त्रज्ञ असण्याची गरज नाही. फिनलंडमधील लोकांना या दलदलींनी आणखी एक देणगी दिली आहे, ती म्हणजे क्लाउडबेरी नावाचे नारिंगी फळ. त्याच्या रोपाचे चित्र त्या देशाने आपल्या दोन युरोच्या नाण्यावर घातले आहे.

पीटमध्ये काळही जपून ठेवलेला असतो. दरवर्षी वाऱ्याने उडालेले परागकण दलदलीवर पडतात आणि थरांत गाडले जातात. त्यांचे कवच कुजत नाही. स्वीडनचे लेनार्ट फॉन पोस्ट यांनी १९१६ साली दाखवून दिले की, पीटच्या थरांतील पराग मोजले तर कोणत्या काळी तेथे कोणते अरण्य होते हे क्रमाने वाचता येते. डेन्मार्कमधील एका दलदलीत १९५० साली पीट खोदताना दोघा भावांना एक मृत मनुष्य सापडला. चेहरा इतका ताजा की त्यांनी खून झाला असे समजून पोलिसांना बोलाविले. गळ्यात फास होता. पण मनुष्य मरून सुमारे दोन हजार चारशे वर्षे झाली होती! त्याच्या पोटातील शेवटच्या जेवणातली जवाची पेजही ओळखता आली.

पण ज्या कारणासाठी आज साऱ्या जगाचे लक्ष या भूमीकडे लागले आहे ते वेगळेच. वनस्पती हवेतील कर्बवायू घेऊन आपले शरीर बनवितात. ती कुजली की तो कर्ब पुन्हा हवेत जातो. पीटमध्ये ती कुजत नाही, म्हणजे कर्ब हवेत परत जात नाही. हिमयुग सरल्यापासून हा व्यवहार चालू आहे. पीटभूमीने पृथ्वीवरील जमिनीचा केवळ तीन टक्के भाग व्यापला आहे. परंतु तिच्या पोटात सुमारे पाचशे ते सहाशे अब्ज टन कर्ब आहे. जगातील सर्व अरण्यांच्या उभ्या झाडांत मिळून जेवढा कर्ब आहे, त्याहून हा अधिक. ओल्या पीटमधून मिथेन वायू थोडाथोडा सुटत असतो आणि तोही उष्णता धरून ठेवतो, हे लपविण्यात अर्थ नाही. तथापि हजारो वर्षांचा जमाखर्च मांडला तर या दलदलींनी पृथ्वीला थंडच ठेवले आहे.

तिजोरीचे कुलूप म्हणजे पाणी. ते काढले की काय होते याचा पुरावा इंग्लंडमध्ये पीटरबरोजवळ होम फेन येथे उभा आहे. १८५१ च्या सुमारास तेथील पीटभूमी सुकविण्याचे ठरले, तेव्हा एका जाणत्या जमीनदाराने एक लोखंडी खांब पीटखालच्या मातीत पक्का रोवून त्याचे टोक जमिनीच्या बरोबरीला ठेवविले. आज त्या खांबाचे टोक जमिनीपासून सुमारे चार मीटर उंच आहे. खांब वर आलेला नाही. जमीन खाली गेली आहे. पाणी जाताच पीट आकसले, आणि उरलेले हवा लागून कुजले, म्हणजे वायुरूपाने उडून गेले. सुकलेले पीट पेटते तेव्हा आग जमिनीखालून धुमसत जाते. पाण्याचे बंब तिच्यापुढे हतबल होतात. २०१० च्या उन्हाळ्यात मॉस्को शहर अशाच धुराने कित्येक दिवस कोंडले होते; त्यात वणव्यांबरोबर पूर्वी सुकविलेल्या पीटभूमीच्या आगीही होत्या. त्यानंतर तेथील अधिकाऱ्यांनी तीच भूमी पुन्हा पाण्याने भिजविण्याचे काम हाती घेतले.

फिनलंडची कथाही विचार करावयास लावणारी आहे. त्या देशाची सुमारे एकतृतीयांश भूमी एके काळी दलदल होती. दुसऱ्या महायुद्धानंतर लाकडाची गरज वाढली, आणि दलदलीत चर खणून तेथे चांगले जंगल वाढवावे असे धोरण ठरले. १९६० व १९७० च्या दशकांत यंत्रांनी हे काम इतक्या झपाट्याने झाले की देशातील निम्म्याहून अधिक दलदल चरांखाली आली. त्यांतील बऱ्याच ठिकाणी झाडे वाढली हे खरे आहे, व त्या लाकडावर पुष्कळांचा चरितार्थ चालला. पण काही ठिकाणी, विशेषतः उत्तरेकडील आपासुओत, पाणी गेले आणि झाडेही नीट आली नाहीत. तेथे आता चर बुजविण्यात येत आहेत. चरात माती भरतात, आडवे बांध घालतात, मधली झाडे तोडतात. पाण्याची पातळी एक-दोन वर्षांत वर येते. स्फॅग्नम काही वर्षांत परतते. वरंबे आणि खाचा मात्र ज्या वेगाने झाल्या त्याच वेगाने होणार.

हवा तापत चालली तर कोणी चर न खणताही कुलूप उघडेल काय, हा प्रश्न उरतो. त्याचा शोध घेण्यासाठी मिनेसोटातच, रेड लेकच्या आग्नेयेस मार्सेल नावाच्या प्रायोगिक वनात, एका स्प्रूस-स्फॅग्नमच्या दलदलीवर माथा उघडा असलेल्या दहा काचघरासारख्या खोल्या उभारण्यात आल्या. प्रत्येकीची रुंदी सुमारे बारा मीटर, उंची आठ. झाडे जागच्या जागी. भोवती पारदर्शक भिंती. काहींतील हवा व खालचे पीट बाहेरच्याइतकेच ठेवले, आणि काहींत ते सव्वादोन, साडेचार, पावणेसात व नऊ अंशांपर्यंत अधिक तापविले. पीट खोलवर तापविण्यास २०१४ साली व हवा तापविण्यास २०१५ साली सुरुवात झाली. पहिल्या काही वर्षांचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले: तापविलेल्या प्रत्येक खोलीतील दलदल कर्ब साठविण्याऐवजी गमावू लागली होती, आणि जितकी उष्णता अधिक तितकी गळती अधिक. सर्वांत उष्ण खोल्यांत झुडपे जोमाने वाढली, पण त्यांच्या पायाशी असलेला स्फॅग्नमचा हिरवा थर वाळून विरळ झाला.